घरट्यांची छायाचित्रे छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पानावर सह्याद्रीतल्या पक्ष्यांची छायाचित्रे येऊ लागतात. मी ती आवडीने पाहतो. पण त्यांतली घरट्यांची, तीही ठिकाणाच्या नावासकट छापलेली पाहिली की धास्ती वाटते.

चैत्र-वैशाख हा डोंगरातल्या कितीतरी पक्ष्यांच्या विणीचा काळ. धनेशाचेच घ्या. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा लिंपून तोंड बंद करून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट उरते. आत असताना तिची उडण्याची पिसेही झडतात, त्यामुळे उपाशी राहिली तरी तिला बाहेर पडून काही शोधता येत नाही. तिचे आणि पिल्लांचे पोट नरावर. उंबराची, वडाची फळे घशात साठवून तो येतो आणि झाडाखाली कॅमेऱ्यांची गर्दी दिसली की लांबच्या फांदीवर अडून बसतो. माणसे हलेपर्यंत ढोलीतले उपाशी! छापलेल्या चित्राखाली मात्र ‘मादीला भरवणारा नर’ एवढीच ओळ असते.

स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यासमोरची पाने ‘फ्रेम मोकळी’ करायला खुडली जातात. मग पिल्लांवर ऊन येते, आणि पिल्ले पळवणाऱ्या टकाचोर पक्ष्यालाही ती तितकीच स्पष्ट दिसतात. रातवा तर घरटे बांधतच नाही, पाचोळ्यात उघड्यावर अंडी घालतो. पायवाट सोडून शिरणाऱ्याच्या बुटाखाली काय आले ते त्याला कळतही नाही. मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवून त्याला बोलावणाऱ्यांसाठी तर वेगळे पत्र लिहावे लागेल.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते. हे किती छायाचित्रकारांना ठाऊक असेल?

बरे, पक्षी पाहायला घरटे गाठावे लागते असेही नाही. फळलेल्या उंबरापासून जरा दूर सकाळी बसून राहिले, तर धनेश, हरियाल, तांबट, शेकरू पाळीपाळीने येतात. अशी छायाचित्रे जरूर छापा. घरट्यांची मात्र नाकारा, आणि इतरांखालीही जिल्ह्यापलीकडे ठिकाण देऊ नका. गावाचे नाव कळले की शोधणारे झाडापर्यंत पोहोचतात. वाचकांकडून छायाचित्रे मागवण्याचे आवाहन आपण दरवर्षी छापता, त्यातच ही अट घालता येईल.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक