थांब की, बोलतंय पोरगं

शंभर फुटी रोडवरच्या भंगारवाल्या चाचांना,

सलाम. तुमच्या थोरल्याच्या मोबाईलवर हे पाठवतेय, त्यालाच वाचून दाखवायला सांगा. चारचौघांत उघड लिहितेय ते मुद्दाम. ज्यांनी हे वाचायला पाहिजे ती माणसं तुमच्या ओळखीची नाहीत, माझ्या आहेत.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. वर्गात त्याला उत्तर यायचं, पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत बाई पुढच्या बाकावर गेलेल्या असायच्या. सहावीत आम्ही त्याची शाळा थांबवली. आता घरीच शिकतो, दहावीला मुक्त विद्यालयातून बसेल. गेल्या दिवाळीनंतर त्याने हॉलच्या भिंतीवर काडेपेट्यांची आवर्तसारणी करायला घेतली. एकशे अठरा रिकाम्या पेट्या, प्रत्येकीवर अणुअंक आणि आत त्या मूलद्रव्याचा खराखुरा तुकडा. पंधरा नंबरची पेटी तर फुकटातच भरली, कारण काडी ओढायच्या त्या तपकिरी पट्टीतच लाल फॉस्फरस असतो.

पण निकेल आणायचं कुठून? एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारलं, पोराला नुसतं हातात धरायला मिळेल का. तर म्हणे, कुठल्या शाळेचं बोनाफाईड आणलंय? एका क्लासवाल्यांनी अट घातली की पहिली वीस मूलद्रव्यं धडाधड म्हणून दाखवू दे, मग बघू. धडाधड! आमच्या एका आत्याबाईंनी सगळ्यांवर कडी केली. "शाळा सोडवून पोराला भंगार गोळा करायला लावलंस होय?" त्या दिवशी रडले होते. आता विचारलं तर सांगेन, हो, लावलंय.

तुमच्याकडे आम्ही तांब्याची तार मागायला आलो. तुम्ही बोनाफाईड विचारलं नाहीत, स्टूल पुढे केलंत. जर्मनची वाटी म्हणजे ॲल्युमिनियम, बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे त्याला पुस्तकात नव्हतं मिळालं. तुम्ही गल्ल्यातून दोन जुने रुपये काढून दिलेत. चौसष्ट सालचा नेहरूंचा लोहचुंबकाला टच्चकन चिकटला, ऐंशीच्या दशकातला हललासुद्धा नाही. घरी येऊन शोधलं. पहिला सगळा निकेलचा, दुसऱ्यात तीन भाग तांबं, एक भाग निकेल. लोखंड २६, कोबाल्ट २७, निकेल २८, चुंबकाला चिकटणारे तिघं भिंतीवर शेजारी शेजारी, हे कळल्यावर पोरगं रात्री अकराला मला उठवायला आलं.

आणि शिसं मागितलं तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात. "ते पोराच्या हातात द्यायचं नसतंय ताई." त्याचे आभार वेगळे.

पण हे सगळं नसतंत केलं तरी चाललं असतं. मी लिहायला बसले ती त्या नळवाल्याच्या दिवसामुळे.

एक प्लंबर पोतंभर नळ घेऊन आला होता. पितळेचे आहेत, पितळेचाच भाव द्या, म्हणून घाई करत होता. तुम्ही एक नळ उचललात. तीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस तुम्ही, हातात घेतल्या घेतल्या वजनावरून तुम्हाला कळलं असणार. तरी तुम्ही तो माझ्या मुलासमोर ठेवलात आणि कानस दिलीत. त्याने आधी चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही. मग कानशीने कडेला घासलं. वरची चकाकी गेली आणि खालून पिवळं नाही, पांढरं निघालं. त्याला कळलं. मान वर करून सांगायला लागला, "ज... ज..."

प्लंबरने तोंड उघडलं. तो शब्द तोच पुरा करणार होता. मीसुद्धा करणार होते, खोटं कशाला बोलू, आई असून मला ती सवयच लागलीय. तुम्ही हात आडवा केलात. "थांब की, बोलतंय पोरगं."

आणि तुम्ही थांबलात. तुमचा चहा तसाच समोर होता, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. त्याच्या तोंडाकडेही टक लावून बघत नव्हता तुम्ही, काट्यावरची धूळ पुसत होता.

"जस्त," तो म्हणाला. तुम्ही पोतं पितळेच्या ढिगाकडून उचलून पलीकडे ठेवलंत आणि प्लंबरला जस्ताचा भाव सांगितलात. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. त्याचा शब्द खरा धरून व्यवहार झाला, बस्स.

आपल्याकडे बँकेत, दवाखान्यात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत दम निघत नाही कुणाला. शिकलेल्यांना तर मुळीच नाही. मी पण त्यातलीच. त्या दिवसापासून घरी जिभेला आवर घालतेय, रोज जमतं असं नाही.

पितळेला सारणीत घर नाही म्हणून तो दोन दिवस हिरमुसला होता. मग त्याचं त्यालाच सुचलं. तांबं २९, जस्त ३०, पितळ या दोघांचंच. तुमच्याकडचा पितळी स्क्रू त्याने त्या दोन पेट्यांच्या मधल्या फटीत बसवलाय. पुढच्या ३१ आणि ३२ रिकाम्या आहेत, त्याचं त्याला काही वाटत नाही. ही सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हनेही १८६९ मध्ये त्या जागा रिकाम्याच ठेवल्या होत्या, असं तो येईल त्याला ऐकवतो. ३१ चं गॅलियम १८७५ मध्ये सापडलं, ३२ चं जर्मेनियम १८८६ मध्ये. सगळं सांगायला त्याला पाच मिनिटं लागतात. आत्याबाईंनीही परवा बसून ऐकलं.

कोबाल्टची पेटी मात्र त्याला सलतेय. जुन्या मोबाईलच्या बॅटरीत ते असतं हे त्याने कुठूनतरी शोधून काढलंय. रविवारी तुमच्याकडे मागायला येईल. चाचा, देऊ नका.

तुमची,
काडेपेटीवाल्या पोराची आई
विश्रामबाग, सांगली