मनू, झोप झाली का?

एडिसन, न्यू जर्सी
९ मार्च

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तू तडक निघालीस आणि डबा ओट्यावरच राहिला. आईने तो रात्रभर तिथून हलवला नाही. माझं चुकलंच. "फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे पीएच्या, कोर्ससाठी नऊ ठिकाणांहून नकार आलाय, आता पुरे, दुसरं काहीतरी बघ," हे मी बोलायला नको होतं. तू नाइट ड्यूटीला निघालेली असताना तर मुळीच नको होतं. ७८ नंबरच्या हायवेवर तू रडत गाडी चालवत असशील, या विचाराने डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. जोडाक्षरं अडली तर आईला विचार.

गाडीबद्दल या पत्रात पुन्हा काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

दोन रात्री बसून मी कास्पाबद्दल, म्हणजे पीएचे अर्ज जिथून भरतात त्या सेवेबद्दल, वाचलं. हे आधीच करायला हवं होतं. "ऑरगॅनिक केमिस्ट्री पुन्हा दे, जुना सी पुसला जाईल," असं मी वर्षभर तुझ्या मागे लागलो होतो. तसं होत नाही. कॉलेजने जुनी ग्रेड काढून टाकली असली तरी कास्पा जुनी आणि नवी दोन्ही धरतं. तू हे मला दोनदा सांगितलं होतंस.

मग विजेच्या बिलाच्या पाकिटावर हिशेब मांडला. तुझे १२० क्रेडिट, जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी २.८, म्हणजे ३३६ गुण. त्यात ४ क्रेडिटचे सहा कोर्स घातले आणि सहाही ठिकाणी ए, म्हणजे क्रेडिटला ४ गुण, मिळाला, तर १४४ क्रेडिटला ४३२. बरोबर ३.०. तीनदा करून पाहिलं. बरेच प्रोग्रॅम ३.० च्या खालचा अर्ज पुढे जाऊच देत नाहीत आणि तू त्या उंबरठ्यापासून सहा कोर्स लांब आहेस. सहा, मनू. साठ नाही. उंबरठा ओलांडला म्हणजे घरात घेतलं असं नाही, हे मला कळतं. निवडलेल्यांची सरासरी याच्या बरीच वर असते. पण काही ठिकाणी शेवटचे ६० क्रेडिट वेगळे काढून बघतात. तिथे मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री असल्या अवघड विषयांतले ए नजरेत भरतील.

मात्र हे ए नाइट ड्यूटी करून मिळायचे नाहीत. मार्कांची भरपाई तासांनी होईल असं तुला वाटतं, म्हणून तू डबल शिफ्ट घेतेस. सीएनए, म्हणजे नर्सची मदतनीस, म्हणून तुझे रुग्णसेवेचे २३०० तास झालेत. पुष्कळ ठिकाणी ५०० किंवा १००० मागतात. आता आणखी तास घालून ऑरगॅनिकचा सी हलणार नाही. सकाळी सातला सुटून पुढे चाळीस मिनिटं तू त्या गाडीत... बघ, आलो पुन्हा तिथेच.

तुझी आजी तासगावजवळ उपकेंद्रात सिस्टर होती, तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. रात्री कडी वाजली की ती कंदील घेऊन निघायची. पहाटे परत आली की चहा हातात धरून भिंतीला टेकून तशीच झोपायची. आम्ही तिच्या हातातला कप हळूच काढून घ्यायचो. एकदा बाळंतपण करून परत येताना एसटीत तिचा डोळा लागला आणि ती थेट सांगली स्टँडला पोचली. घरी सगळे हसले. पण ती एसटी होती, मनू. चालवणारा दुसरा होता.

तू त्या आजोबांची गोष्ट सांगितली होतीस, लकव्यानंतर ज्यांना बोलता येत नव्हतं. तू त्यांना डाव्या हाताने पाटीवर लिहायला लावलंस आणि त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं. तेव्हा मी "अच्छा" म्हणून टीव्ही बघत राहिलो. नंतर ऑफिसात चौघांना ती गोष्ट सांगितली. हे तुला ठाऊक नाही. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पीएचा पहिला वर्ग सुरू केला, तो नौदलात रुग्णसेवा करून आलेल्या चौघांना घेऊन. आधी हात कामाला लागले होते, पुस्तक मागून आलं. हे वाचलं तेव्हा तू आणि आजी दोघी डोळ्यांपुढे आलात. शिफारसपत्र मागायचं तर ज्या पीए बाईंनी तुला त्या पाटीसह काम करताना पाहिलं, त्यांच्याकडे माग. दोनशे मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या प्रोफेसरांना तुझा चेहराही आठवणार नाही.

अर्जासोबतच्या निबंधाचं सांगतो. टेबलावर होता, मी वाचला. रागावू नकोस. ५००० अक्षरांत सोफोमोर, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या, वर्षाबद्दल एक शब्द नाही. त्या वर्षी अकरा महिने मी घरी बसून होतो. तू आठवड्यातल्या पाच संध्याकाळी किराणा दुकानात गल्ल्यावर उभी राहायचीस आणि ते पैसे स्कॉलरशिपचे म्हणून आईच्या हातात ठेवायचीस. आम्हाला कळलं तेव्हा निकाल लागून गेला होता. तू ते माझ्यासाठी लपवतेयस. नको लपवूस. दोन ओळींत लिही: वडिलांची नोकरी गेली, मी काम केलं, तेव्हाचे मार्क असे आणि नंतरचे असे. रडगाणं नको, सबब नको. मला कमीपणा वाटणार नाही. खरंच वाटणार नाही.

एप्रिलअखेर अर्ज सुरू होतील, या खेपेला भरू नकोस. उन्हाळ्यात दोन, मग उरलेले चार कोर्स कर आणि पुढच्या वर्षी अर्ज सुरू झाल्या झाल्या पाठव. खूप ठिकाणी अर्ज येतील तसे बघतात, उशिरा आलेल्याला जागा उरत नाहीत. कम्युनिटी कॉलेजचे कोर्स चालतात का, हे मात्र प्रत्येक ठिकाणी आधी विचार, सगळीकडे चालत नाहीत. आणि ज्यांची सरासरी ३.६ आहे अशीच नऊ नावं पुन्हा काढू नकोस. माफ कर, पुन्हा हे कर, ते करू नकोस सुरू झालं माझं. निर्णय तुझा. वर्षभर इथे राहायला आलीस तर तुझी खोली तशीच आहे आणि फी मी भरीन. शिरीषकाकाला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आईने डिंकाचे लाडू कुरियरने पाठवलेत. सकाळी सात वाजल्यापासून मी फोन हातात घेऊन बसतो. खोलीवर पोचलीस की नुसतं एक टिंब पाठवलंस तरी चालेल. आणि डोळे जड झाले तर नर्सिंग होमच्या पार्किंगमध्येच सीट मागे करून तासभर झोप. टिंब उशिरा आलं तरी मी काही बोलणार नाही.