नकाशात रेंज आहे, वाडीत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. मोबाइल सेवा कुठे कुठे पोहोचते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर लावलेच पाहिजेत, असे त्यात आहे. नियम चांगला आहे. पण देवगड तालुक्यातल्या आमच्या भागाचा नकाशा उघडला की सड्यापासून, म्हणजे वरच्या कातळपठारापासून, खाडीपर्यंत सगळे रंगवलेले दिसते, आणि प्रत्यक्षात सड्यावरून वाडीकडे उतरायला लागले की दुसऱ्या वळणावरच फोन मुका होतो. चुकीचा नकाशा नसलेल्या नकाशाहून वाईट, कारण त्याच्याकडे बोट दाखवून ‘तुमच्याकडे सेवा आहे’ असे आम्हालाच ऐकवले जाते.

मी गावात सेवा केंद्र चालवते. दाखले, सातबारा, रेशन कार्डाची केवायसी, मुलांचे प्रवेश अशी सगळी कामे आमच्याकडे येतात. अकरावीची प्रवेश प्रक्रिया २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाली, तेव्हा गावातल्या मुलांनाही दुसरा मार्ग उरलेला नाही. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हाची गोष्ट सांगते. केंद्रात फायबर आहे, त्यामुळे पोर्टल उघडते. ओटीपी मात्र लाभार्थी बाईच्या मोबाइलवर जातो आणि चिऱ्याच्या भिंतींआड त्या मोबाइलला रेंज नसते. एका आजींनी नातवाच्या हातात फोन दिला आणि त्याला समोरच्या चढणीवर उभे केले. वरून हाक आली, ‘इलो गो, इलो!’ तो एकेक आकडा ओरडून सांगतोय, मी टाकतेय, आणि सहावा आकडा टाकेपर्यंत पडद्यावर ‘मुदत संपली’. पुन्हा पाठवा, पुन्हा हाक, पुन्हा तेच. सरकारी पैसा मिळायचा की नाही हे त्या चढणीवरच्या रेंजवर ठरत होते. ई-पीक पाहणीचेही तसेच. फोटो शेतात उभे राहून काढावा लागतो, आणि शेत असते नेमके खाली मळ्यात.

कोकणात डोंगर आहेत, इथे असेच चालायचे, हे उत्तर मला पटत नाही. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. ५जी साठी प्रामुख्याने वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेग जास्त देतो, पण त्याचा पल्ला कमी. त्यामुळे हमरस्त्यालगत ५जी आणि दरीत काहीच नाही, असे चित्र तयार होते. शिवाय फोनवर ५जी असे चिन्ह आले म्हणजे डेटा चालेलच असे नाही. टॉवरपर्यंत फायबर गेलेली नसेल आणि मागची जोडणी अपुरी असेल, तर टॉवरवर कितीही नवे यंत्र बसवा, वेग अडकतो. गणपतीत चाकरमानी घरी आले की हे अगदी उघडे पडते. फोनच्या पट्ट्या पूर्ण, आणि मुंबईला राहिलेल्या भावाला आरतीचा व्हिडिओ कॉल काही लागत नाही. याच वेळी गावची लोकसंख्या वाढते हे कंपन्यांना दरवर्षी ठाऊक असते.

मग आकडेवारीत हे का दिसत नाही? दूरसंचार खात्याच्या हिशेबात मुंबई हे वेगळे क्षेत्र आहे आणि उरलेला सगळा महाराष्ट्र गोव्यासह दुसरे. पुणे, नागपूर, पणजी आणि आमची वाडी एकाच सरासरीत. अशा सरासरीत आम्ही शोधूनही सापडणार नाही. ट्रायची तपासणी होते, पण तपासणीची गाडी शहरांतून आणि महामार्गांवरून फिरते. रस्त्यावर रेंज असतेच. माणसे राहतात रस्ता सोडून पायऱ्या उतरल्यावर, माडांखाली, तिथे गाडी जात नाही. मोजायचेच तर तिथे जाऊन मोजा.

सेवा बंद पडल्यास भरपाईची तरतूदही नव्या नियमांत आहे. सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट, प्रीपेडवाल्यांना मुदतवाढ. पण हा हिशेब जिल्हा पातळीवर मोठ्या प्रमाणात सेवा खंडित झाली तरच. पावसाळ्यात महावितरणची लाइन पडते, टॉवरची बॅटरी काही काळ तग धरते, मग टॉवर गप्प. एका टॉवरवरची चार गावे दिवसेंदिवस तुटली तरी जिल्हा चालूच असतो! जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर वीज आणि फोन दोन्ही गेले, तेव्हा मुंबईतल्या माणसांना घरचे लोक जिवंत आहेत का हेही कळत नव्हते. टॉवरला पुरेशी बॅटरी आणि जनरेटर ही किनारपट्टीवर जीव वाचवण्याची बाब आहे.

घरच्या ब्रॉडबँडचे दुखणे वेगळे. बाजारपेठेत फायबर आली, ती विजेच्या खांबांवरून आणि कुठे कुठे माडांवरून. फांदी पडली किंवा रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला की राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागतो. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणले आहे. आमच्या रस्त्याच्या ठेकेदारांना ते सक्तीने वापरायला लावा. वेगाबाबत वाचकांनी एक लक्षात घ्यावे. स्पीड टेस्ट बऱ्याचदा कंपनीच्याच जवळच्या सर्व्हरशी होते, म्हणून आकडा झकास येतो आणि सरकारी पोर्टल तरीही रांगते. तक्रार करताना दुसऱ्या शहरातला सर्व्हर निवडून, सकाळी आणि रात्री अशा दोन्ही वेळांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. आणि कायद्याने ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला आजही २ एमबीपीएस पुरतात. जानेवारी २०२३ पर्यंत तर ५१२ केबीपीएस पुरत होते.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेची, म्हणजे भारतनेटची, सुरुवात २०११ ची. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित योजनेला १.३९ लाख कोटी रुपये मंजूर केले. त्यात केबल एका सरळ ओळीत न टाकता कड्यासारखी टाकायची आहे, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहते. दरडी कोसळणाऱ्या आमच्या भागासाठी हे सर्वांत मोलाचे आहे आणि सिंधुदुर्गातले हे काम लांबणीवर टाकू नये. ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आलेली केबल पुढे शाळेत, आरोग्य उपकेंद्रात आणि वाडीत कधी जाणार, याचे वेळापत्रक ग्रामसभेत वाचून दाखवावे.

माझी मागणी एवढीच. नकाशावर ग्राहकाला आणि ग्रामपंचायतीला हरकत घेता यावी, ठरावीक मुदतीत प्रत्यक्ष जागेवर मोजणी व्हावी, आणि वेग व बंद काळ यांचे आकडे ग्रामपंचायतनिहाय जाहीर व्हावेत. तोवर ज्यांची तक्रार कंपनीने आणि तिच्या अपील प्राधिकरणानेही धुडकावली, त्यांनी हात टेकू नयेत. दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्या तालुका वार्ताहरांनी कंपन्यांचे नकाशे हातात घेऊन निदान एकेका वाडीत जाऊन पाहावे आणि जे दिसेल ते छापावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग