उरलेल्या नऊ गोळ्या

चोपडा

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

एस.टी. स्टँडवर तू नीट बोलला नाहीस. मीही चारचौघांत आवाज चढवला. घरी आलो तर कोनाड्यात तुझी मलेरियाच्या गोळ्यांची पट्टी. चौदापैकी पाचच घेतलेल्या, नऊ तशाच.

"ताप गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला," म्हणतोस. बाळू, मी अठ्ठावीस वर्षं सातपुड्याच्या पाड्यांवर बोटं टोचून काचपट्ट्या भरल्या. काचपट्टीवर रक्त दिसतं, यकृत दिसत नाही. तुला झालेल्या मलेरियाचा हा व्हायवॅक्स जंतू यकृताच्या पेशीत शिरून निजतो. वाढत नाही, हालचाल नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो आणि पुन्हा थंडी वाजते. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने रक्तातला मेला. निजलेल्यावर उपाय प्रायमाक्विनचा, म्हणून चौदा दिवस.

मलेरियाचाच दुसरा जंतू, फाल्सिपेरम, वेगळा. तो निजत नाही, अंगरखा बदलतो. त्याच्याजवळ अंगरख्याची साठेक जनुकं, एका वेळी एकच चालू. शरीर एक ओळखून प्रतिपिंडं तयार करतं, तोवर त्यातल्या काहींनी दुसरा चढवलेला असतो. त्याने व्यापलेली रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून राहते, म्हणजे प्लीहेच्या गाळणीत जायलाच नको. एवढासा जीव आणि एवढी अक्कल!

बघ, पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर. तू शिकलेला, शाळेवर रुजू झालास याचा मला किती अभिमान आहे, ते स्टँडवर सांगायचं राहिलं. पण धडगावचं नाव निघालं की नाना आठवतो. होळीला बरा होऊन आला, भोंगऱ्याच्या बाजारात नाचला, आणि आषाढात गोधड्यांखाली दात वाजत होते. तुझी आई रात्रभर त्याच्या उशाशी होती. त्यानेही गोळ्या अर्ध्यावरच टाकल्या होत्या.

तेवढ्या गोळ्या घे. मध्ये खंड पडलाय, तेव्हा पुढे चालू ठेवायच्या की पहिल्यापासून, ते तिथल्या डॉक्टरांना आधी विचार. या गोळ्या रक्ताला बाधतील का ते बघणारी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाल्याचा कागदही ठेवलाय, तो दाखव. उपाशीपोटी घेऊ नकोस. मच्छरदाणी नेलीस ना?

उद्या दुपारच्या गाडीने डबा येईल. वर बिबड्या आहेत, आईने केलेल्या. खाली गोळ्या.

तुझा,
आप्पा