त्या बोथट केलेल्या टोकाबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मी आठवत असेन असं वाटत नाही. हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवलेला आणि रुमालात दोन वस्तरे गुंडाळून आणलेला माणूस म्हटलं, तर कदाचित आठवेल. त्या दिवशी तुमच्याकडून वस्तरा घेताना ना तुमचं नाव विचारलं, ना धड आभार मानले. चाळिशी उलटली तरी स्वतःची दाढी जमत नाही हे कबूल करताना ओशाळलो होतो, कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं. आज सलग एकविसावा दिवस, रक्ताचा थेंब नाही. आता गप्प बसवत नाही.

आधीचे आठ महिने मी कसे काढले ते माझ्या टॉवेलांना विचारा. पहिला वस्तरा घ्यायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने एकही प्रश्न न विचारता ८/८ चं पातं हातात ठेवलं. "एकदाच घ्यायचा तर भरभक्कम घ्या." आठ अष्टमांश, म्हणजे पुरा एक इंच रुंद, आणि आडवा छेद थेट पाचरीसारखा. गालावर मात्र बहारीचा चालायचा, स्वतःच्या वजनानेच केस उतरवायचा. पण नाकाखाली? तिथे जागा जेमतेम बोटभर. पातं तिरकं धरायला जावं तर पाठ नाकाला अडते, मग मनगट वळवावं लागतं, मनगट वळलं की कोन सुटतो, आणि कोन सुटला की वरचा ओठ गेलाच.

दुसऱ्याकडे गेलो. त्याने माझं बोलणं अर्धं ऐकलं, "तुमचा हातच बसलेला नाही" असा निकाल दिला आणि ७/८ चा फुल हॉलो, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोल खळगा घासलेला पोकळ पात्याचा वस्तरा, गळ्यात मारला. म्हणे, जाणकार हेच वापरतात. वस्तू देखणी होती, खोटं कशाला बोलू. पातं इतकं पातळ की नखाने हलकं दाबलं तरी धारेजवळ लवतं, आणि केस कापताना बारीक झंकार ऐकू येतो. पण माझी दाढी एक दिवसाआड, केस जाड, आणि पाचरीवर दाबून दाबून हात जड झालेला. हनुवटीवर पातं थरथरायला लागलं. भरीस भर म्हणून त्याचं टोक काटकोनातलं, सुईसारखं. दोनदा कानाच्या पाळीत, एकदा नाकपुडीच्या कडेला. परत जाऊन सांगितलं तर "सराव करा". बरं, सराव तरी कशावर करायचा? कान दोनच आहेत.

या दोघांनी मला वस्तऱ्यांबद्दल भरपूर ऐकवलं. माझ्या तोंडाकडे कोणी पाहिलं नाही.

तुम्ही रुमाल सोडलासुद्धा नाहीत. आधी म्हणालात, "उजेडाकडे तोंड करा." बोटाची मागची बाजू गळ्यावरून उलटी वर नेलीत. रोज करता की दिवसाआड, ते विचारलंत. मग एक वस्तरा मिटलेलाच माझ्या हातात देऊन म्हणालात, "हा स्वतःच्या हातावर ओढा, दाढी करता तसा." मी ओढला. तुम्ही नुसते बघत होता. "दाबताय. पाचरीने लावलेली सवय आहे ती. तिच्यावर दाबलं तरी पातं हलत नाही, म्हणून कळत नाही. पोकळ पातं लगेच वाकतं." आठ महिन्यांचं कोडं चार वाक्यांत सुटलं, आणि त्यात दोष सवयीला दिलात, मला नाही.

मग डब्यातून ५/८ चा हाफ हॉलो काढलात, म्हणजे कमी खोल खळग्याचा. मी शहाणपणा केलाच, "नवशिक्याला ६/८ पण सांगतात ना?" तुम्ही चिडला नाहीत. ६/८ वर फेस जास्त मावतो, पुसायला कमी वेळा थांबावं लागतं, हे आधी कबूल केलंत. मग म्हणालात, "पण तुमच्या नाकाखाली बघा." एक अष्टमांश इंच म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. ऐकायला काहीच नाही. ओठावर मात्र तेवढ्यात खेळ होतो.

पातं पुसता पुसता तुम्ही बरंच काही सांगत होता. पात्याच्या दोन्ही बाजू गोल चाकावर घासतात, चाक जितकं लहान तितका खळगा खोल. शेफिल्डचे जुने वस्तरे बरेचसे जाड, पोकळ पात्यांचं नाव पुढे सोलिंगेनने केलं. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणून धारेचा कोन ठरतो तो रुंदी आणि पाठीची जाडी यांच्या हिशेबावर, आपल्या हातावर नाही. गालावरचा कोन तेवढा आपला: पाठ आणि गाल यांच्यात आणखी दोन पाठी मावतील एवढी फट, साधारण ३० अंश. हे मी अजून रोज आरशासमोर पुटपुटतो. घरचे हसतात.

पण पत्र यासाठी लिहीत नाही. हे सगळं बोलणं चालू असताना तुमचे हात काहीतरी करत होते, त्यासाठी लिहितोय. वस्तऱ्याचं टोक दगडावर उभं धरून तुम्ही दोन-तीनदा हलकेच फिरवलंत. अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिलंत. पुन्हा एकदा फिरवलंत. मला वाटलं, धार बघताय. बोलला काहीच नाहीत, आणि त्याचे पैसेही लावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्ल्याशी आलो, हात दचकला आणि टोक पाळीला लागलं. मी डोळे गच्च मिटले. काही झालं नाही. लागलं आणि सरकलं. मग भिंग घेऊन पाहिलं, तर तो सुईसारखा कोपरा तुम्ही डोळ्याला दिसणारही नाही इतकाच मोडलेला. बाकी धार जशीच्या तशी.

म्हणजे माझा हात चुकणार हे तुम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्याने तेच माझ्या तोंडावर मारलं होतं. तुम्ही ते मनात ठेवलंत आणि चुकायला जागा करून दिलीत. चांगला शिंपी शिवणीत थोडी माया सोडतो, अंग भरलं तर कपडा उसवून वाढवता यावा म्हणून. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, कधीतरी वर्षांनी गरज पडली की कळते. अशी माणसं प्रत्येक धंद्यात असतील, पण त्यांचं काम घरी गेल्यावर सापडतं, आणि तोवर आपण आभार न मानता निघून आलेलो असतो. माझं तेच झालं.

पाचर ठेवून दिलीय, चार दिवस दाढी वाढली की गालापुरती काढतो. फुल हॉलोही आहे. हात हलका झाला की तोच आवडेल असं तुम्ही म्हणाला होता, आणि हात होतोय हलका. त्याचं टोक मात्र अजून तसंच आहे. ते घेऊन येतोय. या वेळी नाव विचारीन.

दोन्ही कान शाबूत असलेलं,
तुमचं एक गिऱ्हाईक