हाँगकाँगच्या ताईंना, त्या सकाळच्या वर्तमानपत्रासाठी

ताई,

अमेरिकेच्या पाळतीचे गुप्त कागद बाहेर काढणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला तुम्ही घरी आसरा दिलात, म्हणून तुमचं नाव 2016 साली जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं. मी ते इथे लिहीत नाही. वेळेला धावून आलेल्या बाईला आमच्याकडे ताईच म्हणतात. पत्र मराठीत आहे, तुमच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. पण गेल्या रविवारी आमच्या घरी जे झालं, त्यानंतर लिहिल्याशिवाय राहवेना.

जेवायला पाहुणे होते. कुठून तरी एडवर्ड स्नोडेनचा विषय निघाला आणि त्यातले एक जण सहज बोलून गेले, "एवढा खरा असेल तर मायदेशी जाऊन कोर्टात उभं राहावं की. रशियात काय बसून राहायचं?" माझा धाकटा भाऊ ताटावरून उठला. ताटातला भात तसाच. हात धुवायला म्हणून मोरीत गेला आणि नळ चालू ठेवून बराच वेळ तिथेच उभा राहिला.

खरं सांगते, 2013 साली मीसुद्धा हेच म्हणायचे. खऱ्याला कसली भीती? ते वाक्य माझ्या तोंडून कायमचं गेलं, ते तीच वेळ माझ्याच घरावर आली तेव्हा.

भाऊ एका सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता. न झालेल्या कामाच्या एमबीवर, म्हणजे मोजमाप पुस्तकावर, सही करायला त्याने नकार दिला. वरच्यांना लेखी कळवलं, एकदा नाही, तीनदा. कुणी दखल घेतली नाही, तेव्हा त्याने कागद बाहेर दिले. मग निलंबन, निर्वाह भत्ता, विभागीय चौकशी, सगळं आलं. त्या सगळ्यातलं मला एकच आठवतं. चौकशीत त्याला विचारलं, "कार्यालयीन कागद बाहेर दिलेत का? हो किंवा नाही." तो म्हणाला, "हो साहेब, पण का दिले ते..." "ते विचारलेलं नाही." नोटिशीच्या डोक्यावर 'कारणे दाखवा' असं छापलेलं होतं आणि कारण ऐकून घ्यायला खोलीत एकही माणूस नव्हता.

त्याच आठवड्यात एका स्थानिक पेपरात त्याचं नाव आलं, जणू पैसे यानेच खाल्ले. आमच्या गल्लीत सकाळी सातला पेपर पडतो. साडेसातला समोरच्या वहिनी रांगोळी अर्धी टाकून आत गेल्या आणि दार लावलं. ज्यांच्या मुलींची लग्नं आम्ही आमची समजून उभी केली, त्या सोयऱ्यांचे फोन बंद झाले. खात्यातले मित्र दुसऱ्या फाटकाने बाहेर पडू लागले. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही आणि करेन असं वाटत नाही.

त्या दिवसांत, सप्टेंबर 2016 मध्ये, चौकशीच्या कार्यालयाबाहेर लाकडी बाकावर बसून मोबाइलवर मी तुमची हकिकत वाचली.

जून 2013. स्नोडेनने आपलं नाव जगाला सांगितलेलं, हॉटेलबाहेर पत्रकारांची झुंबड. वकील रात्रीच्या वेळी त्याला तुमच्या दाराशी घेऊन आले. तुम्ही स्वतः फिलिपिन्सहून आलेल्या, आसरा मागत असलेल्या. हाँगकाँगमध्ये अशा माणसाला काम करायची परवानगी नाही, कधीही परत पाठवतील ही टांगती तलवार कायमची. एवढीशी जागा, पदरात जेमतेम वर्षाची लेक. तुम्ही तुमची झोपायची खोली त्या अनोळखी माणसाला दिलीत आणि लेकीला घेऊन बाहेर निजलात. त्याने इंग्रजी वर्तमानपत्र मागितलं म्हणून सकाळी खाली गेलात, आणि पहिल्याच पानावर त्याचा फोटो.

ताई, माझं सगळं पत्र त्या क्षणापाशी अडून राहतं. तुम्ही दुकानापाशी उभ्या, हातात तो पेपर. जगातलं सगळ्यात बलाढ्य सरकार ज्याला शोधतंय तो तुमच्या बिछान्यावर झोपलेला, शेजारी तुमचं बाळ. तिथून पोलिसांकडे जाता आलं असतं. नुसतं "बाबा, दुसरीकडे जा" म्हणता आलं असतं, कुणी दोष दिला नसता. तुम्ही पेपर विकत घेतलात, घरी आलात आणि त्याच्या हातात दिलात.

आमच्या गल्लीत पेपर वाचून दारं लागली. तुम्ही पेपर वाचून घरी आलात. त्या बाकावर मला रडू फुटलं. शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला, त्याला वाटलं आत काही वाईट झालं.

आणि मोठमोठ्यांनी काय केलं? स्नोडेनने आसऱ्यासाठी वीसहून जास्त देशांकडे अर्ज केले. त्यात भारत होता. 2 जुलै 2013 रोजी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगून टाकलं की विनंती मान्य करण्याचं कारण दिसत नाही. ज्या कागदांसाठी तो परागंदा झाला, त्यांतच लिहिलं होतं की मार्च 2013 या एका महिन्यात अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने भारतातून 630 कोटी नोंदी गोळा केल्या. वॉशिंग्टनमधला आपला दूतावाससुद्धा पाळतीच्या यादीत होता. तरी आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री म्हणाले की ही काही खरी हेरगिरी नव्हे, संगणकाने केलेलं विश्लेषण आहे. 'अतिथी देवो भव' आम्ही विमानतळाच्या भिंतींवर रंगवतो. ते पाळलं तुम्ही, भाड्याच्या खोलीत.

आता त्या पाहुण्यांचा प्रश्न. रविवारी मला उत्तर सुचलं नाही, इथे लिहिते.

परत यावं का? यावं. मलाही रशियाचा तो आसरा बोचतो. 2022 साली त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं, आणि त्या देशात खरं बोलणाऱ्यांचं काय होतं ते जग पाहतंय. पण मॉस्कोला तो मुक्कामाला निघाला नव्हता. पासपोर्ट रद्द झाला म्हणून महिनाभराहून जास्त विमानतळावर अडकला आणि मग तिथलाच झाला. त्याच्यावर तीन आरोप आहेत, प्रत्येकी 10 वर्षांपर्यंत शिक्षेचे. त्यातले दोन 1917 च्या हेरगिरी कायद्याखाली, म्हणजे पहिल्या महायुद्धात केलेल्या कायद्याखाली. आणि त्या कायद्यात 'का' ला जागा नाही. लोकांच्या भल्यासाठी केलं हा बचावच चालत नाही. कागद दिलेस का, हो किंवा नाही. ताई, हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

डॅनियल एल्सबर्ग तर देश सोडून पळाले नव्हते. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद बाहेर काढून 1971 साली स्वतःहून हजर झाले. खटल्यात त्यांच्या वकिलाने विचारलं की या प्रती का काढल्या, तर सरकारी पक्षाची हरकत आली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. पुढे 1973 मध्ये खटला निकालात निघाला तो सरकारच्याच लबाड्या उघड झाल्या म्हणून. त्याच एल्सबर्गनी 2013 मध्ये लिहिलं की स्नोडेनने देश सोडला ते बरोबरच केलं. आपल्याला जामिनावर बाहेर राहून बोलता आलं, याला ते मिळालं नसतं. अमेरिकी लष्करातले गुप्त कागद बाहेर देणाऱ्या चेल्सी मॅनिंग देशाबाहेर पळाल्या नाहीत, त्यांना 35 वर्षांची शिक्षा झाली. सात वर्षांनी सुटल्या त्या ओबामांनी शिक्षा कमी केली म्हणून.

स्नोडेनने वारंवार सांगितलंय की ज्यूरीला 'का' सांगू द्या, मी येतो. एवढंच मागणं आहे. 2020 साली अमेरिकेच्याच अपील न्यायालयाने म्हटलं की फोन नोंदी सरसकट गोळा करणं बेकायदा होतं. ज्याच्यामुळे हे कळलं त्याने मात्र तोंड मिटून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या बाकावर बसून पाहावं.

तुम्हालाही किंमत मोजावी लागली. 2017 मध्ये हाँगकाँगने तुमचे आणि त्याला आसरा देणाऱ्या इतरांचेही अर्ज फेटाळले. 2019 मध्ये कॅनडाने तुम्हाला आणि लेकीला घेतलं, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. तुमच्यासारखंच घर उघडणारं श्रीलंकेचं कुटुंब 2021 पर्यंत ताटकळलं आणि त्यांचा एक देशबांधव त्यानंतरही मागेच राहिला. त्यांनाही माझा नमस्कार पोचवा.

भावाला कामावर परत घेतलंय, लांबच्या तालुक्याला. 'का' अजून कुणी विचारलेलं नाही. काल रात्री हे पत्र त्याला वाचून दाखवलं. वर्तमानपत्राच्या जागी आल्यावर म्हणाला, "थांब, ते परत वाच." मी परत वाचलं. मग म्हणाला, तिच्या लेकीला माझ्याकडून आशीर्वाद लिही.

लिहिलाय.

तुमची,
एका अभियंत्याची बहीण