पहाटेच्या ललत रागासाठी मदत हवी आहे : उन्हाळी संगीत महोत्सवाचे आवाहन

रसिकहो, सस्नेह नमस्कार.

अक्षय्य तृतीया झाली की मलप्रभेकाठी आपला मंडप उभा राहतो, हे बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर तालुक्यात कोणाला नव्याने सांगायला नको. तरी यंदा लिहावे लागते आहे. पंधरवडा हातात उरला आहे आणि वर्गणी निम्मीही जमलेली नाही.

एके काळी नंदगड, जांबोटी, बिडीची मंडळी आंब्याखाली बैलगाड्या सोडत आणि गॅसबत्तीच्या उजेडात सकाळची भैरवी होईपर्यंत उठत नसत. कौलांच्या कारखान्याचे थोरले मालक आज नाहीत, पण त्यांनी दिलेली जाजमे आम्ही अजून अंथरतो. पेठेतल्या कापडदुकानदार दादांनी मंडपाच्या कापडाचा एक पैसा कधी घेतला नाही. कानडी शाळेतले गुरुजी पत्रिका दरवर्षी स्वतः कानडीत उतरवून देत. वरच्या गल्लीतल्या काकू तर पहाटे चारला पिठलं-भाकरी घेऊन हजर! गवयाच्या घशाला गार पाणी लागू नये म्हणून कोमट पाण्याचा तांब्या त्या स्वतः मंचाशी आणून ठेवायच्या. ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी कुमार गंधर्व जन्मले, तिथे मराठी अभंगाला आणि कानडी संतांच्या दासरपदाला एकाच जाजमावरून दाद मिळते. याचा आम्हाला अभिमान आहे.

रात्रभराची बैठक मात्र आता राहिली नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. नियम आम्हाला मान्य आहे. आजारी माणसांना, परीक्षेच्या मुलांना झोप हवीच. पण त्यामुळे उत्तररात्रीचा मालकंस गेला, पहाटेचा ललत गेला. संध्याकाळच्या मारवा-यमन रागांवरच कार्यक्रम संपू लागला आणि जुने रसिक हळहळत घरी जाऊ लागले. म्हणून यंदा नवा पायंडा पाडतो आहोत. शनिवारी सायंकाळी पाच ते दहा माळावर, रविवारी पहाटे साडेचारला मठाच्या बंद सभागृहात माइकशिवाय ललत, आणि सहा वाजता सर्वांनी चालत माळावर यायचे, भैरव-तोडी ऐकायला.

त्यासाठी तंबोरे हवेत. गेल्या वर्षी भर कार्यक्रमात वळीव कोसळला, मंडप बसला. खोळ घालून धावताना एक तंबोरा खांबावर आपटला आणि भोपळ्याला तळापासून चीर गेली. तो माझ्याच हातात होता. तो आवाज अजून कानातून जात नाही. तेव्हापासून यंत्राच्या तंबोऱ्यावर भागवतो आहोत. पण ललतात पंचम, म्हणजे 'प' हा स्वर नाही. म्हणून एरवी पंचमात लावलेली पहिली तार मध्यमात ('म'वर) उतरवून, जवारीत, म्हणजे तारेखालच्या घोडीवर, सुताचा दोरा सरकवला की ती बोलू लागते, ते समोर बसून ऐकायचे असते. आमच्या नव्या पोरांनी ते एकदाही पाहिलेले नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरज आपल्यापासून काही तासांवर, आणि आपली जोडी दुरुस्तीविना पडून आहे.

मन मोकळे करतो. गेल्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन आम्ही तीन संध्याकाळी फिरलो. "आता कोण ऐकतंय हे?" असे ज्या घरांतून ऐकावे लागले, त्याच घरांतल्या वडिलधाऱ्यांनी हा महोत्सव उभा केला होता. पुण्या-मुंबईला, गोव्याला गेलेली आपली मुले मोबाइलवर कार्यक्रम बघतात, "वा! गावची आठवण आली" असे लिहितात. बरे वाटते. पण मंडपवाल्याला आगाऊ रक्कम त्यातून देता येत नाही.

हवे आहे ते असे : तंबोऱ्याची दुरुस्ती व नव्या तारा, पावसासाठी ताडपत्री, साथीदारांचे मानधन, रविवारच्या चहा-भडंगाचा खर्च. पावती ₹१०० पासून. तांदूळ, गूळ, दूध, मुक्कामाची खोली, मंडपाला चार हात, काहीही चालेल. वर्गणी मठाशेजारच्या कार्यालयात रोज सायं. ६ ते ८. बाहेरगावच्यांनी घरच्यांकरवी पाठवावी. देणगीदारांची नावे फलकावर लागतील. पावतीवर नाव मराठीत हवे की कानडीत, तेवढे सांगावे.

आपला,
कार्यवाह, संगीत महोत्सव समिती